बांधाजवळची माती

कळंब, गुरुवार, दिवेलागण

वरच्या पट्टीतला ऊस पिवळा पडत पडत आता पांढुरका दिसतोय. "तात्या, तुमीच पाणी तुंबवलं," असं थोरल्या भावाला मागच्या आठवड्यात मी चार माणसांत बोललो. का बोललो?

आज कृषी सहायक आले. पान बघून म्हणाले, "केवडा पडलाय, पानातला हिरवेपणाच गेलाय. चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळत न्हाय, आन् तुमी नुसता युरिया टाकताय." मी ऐटीत माती परीक्षणाचा कागद काढला. त्यात लोह भरपूर.

"नमुना कुठनं घेतला?"

"वरच्या पट्टीतनंच," मी म्हणालो.

साफ खोटं. ऊन लागत होतं म्हणून बांधाजवळ, शेणखताच्या ढिगाला लागून असलेली माती भरली होती मी. पिशवी तात्यांनीच धरली होती. "हितली नगं, आत चल," म्हणालेही होते.

आज ते शेजारीच उभे होते, पण त्या पिशवीबद्दल अवाक्षर काढलं नाही. "लोहासाठी हिराकस आणू, शेणखतात मुरवून घालू," एवढंच बोलले.

शेणखत त्याच ढिगातलं भरायचंय. आणि उद्याही पोतं तात्याच धरणार.