बाल्टिक समुद्रातला वरपक्ष

११ जानेवारी, रविवार
यशवर्धनचा बंगळूरहून फोन. तो आणि सूनबाई मिळून दोन्हीकडच्या आईवडिलांना जूनमध्ये क्रूझवर पाठवणार. बाल्टिक समुद्र. मी विचारलं, दोन जहाजं ना? म्हणाला, बाबा, एकच. म्हणजे चारी बाजूंना पाणी आणि समोर व्याही. पळायला जागा नाही.
तरी हो म्हटलं. मन मोठं आहे.
कुठला मार्ग, कुठली बंदरं, हे आम्ही चौघांनी ठरवायचं आहे. चौघांनी म्हणजे मी. आम्ही वरपक्ष. हा अहंकार नाही, क्रम आहे.

१३ जानेवारी
व्याह्यांबद्दल एक नोंद. राग म्हणून नाही, रेकॉर्ड म्हणून. नाव श्रीराम. मूळ पुणे. विजय नगरच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत येऊन बारा वर्षं झाली, इंदूरचं पाणी पितात, इंदूरचा पगार खातात, पण 'आमच्याकडे' म्हटलं की पुणं. मी बोलताना मध्ये हिंदी शब्द आला की बारीक हसतात, जसा काही तो शब्द त्यांच्या ताटात पडला. आमचे पूर्वज होळकरांच्या पागेत घोडे मोजत. यांचे बहुधा लोकांच्या चुका मोजत असावेत.

१८ जानेवारी, रविवार
विजय नगरात ट्रॅव्हलवाल्या अंकुरकडे मीटिंग. बाहेर थंडी, आत एसी, अंकुरच्या अंगात जॅकेट. अशा माणसाच्या हातात आपला समुद्र. त्याने दोन मार्ग दाखवले.
पहिला, कोपनहेगनहून निघून परत कोपनहेगन. मध्ये बर्लिन, ताल्लिन, हेलसिंकी, स्टॉकहोम.
दुसरा, स्टॉकहोम ते कोपनहेगन. मध्ये विस्बी, रीगा, ताल्लिन, ग्दान्स्क. नावं वाचतानाच ठसका लागला.
व्याही लगेच म्हणाले, दुसरा. विस्बी फार सुंदर आहे. असं म्हणाले जणू आजोळ आहे. गेलेले नाहीत, व्हिडिओ पाहिलाय.
मी तत्काळ पहिल्या मार्गाच्या बाजूने उभा राहिलो. तोपर्यंत मला दुसराच आवडला होता, पण ते महत्त्वाचं नाही.

२५ जानेवारी
मॉर्निंग वॉकला संताजीला सांगून टाकलं, जहाज सेंट पीटर्सबर्गला जातं. झारचे महाल बघणार. संताजी बँकेत माझ्या हाताखाली होता, अजूनही ऐकतो. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. दूधवाल्यानेही विचारलं, भिया, रसिया जा रहे हो? मी फक्त मान हलवली. मोठ्या गोष्टी मानेनेच सांगाव्यात.

२७ जानेवारी
अंकुरचा फोन. भिया, रूस तो बंद है. लड़ाई के बाद से ये जहाज वहाँ जाते ही नहीं.
हे व्याह्यांना माहीत होतं! मी जाब विचारला तर म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत, मालोजीराव. असा माणूस घर जळत असताना शेजाऱ्याने विचारण्याची वाट बघेल.
संताजीला सांगितलं, रशिया मीच रद्द केला. युद्धाचा निषेध म्हणून. तो भारावला.

८ फेब्रुवारी
संकल्प: बंदराला जहाज लागल्यावर गावात काय बघायचं याचा सगळा बंदोबस्त मी करणार. जहाजवाले हेच काम शोअर एक्स्कर्शन म्हणून विकतात. ताल्लिनमध्ये 'गायडेड वॉक'. चालायचे पैसे! मी राजवाडा ते सराफा चाळीस वर्षं फुकट चालतोय, आजवर एकही माणूस पुढे झेंडा घेऊन चालला नाही आणि मी हरवलो नाही.
बर्लिनचाही प्लॅन पक्का. सकाळी उतरायचं, भिंत बघायची, बिअर प्यायची (आमच्या हिला, मनोरमाला, सरबत), संध्याकाळी परत.

९ फेब्रुवारी
व्याह्यांनी ग्रुपवर ब्रोशरचा फोटो टाकला. लाल गोल करून. मुंगीच्या अक्षरात लिहिलंय की बर्लिन म्हणजे बर्लिन नव्हे, वार्नेम्युंडे नावाचं बंदर. तिथून बर्लिन रेल्वेने तीन तास. म्हणजे माणसाला उज्जैनला उतरवायचं आणि म्हणायचं, हे बघा भोपाळ.
मी लिहिलं, मला माहीत होतं.
सूनबाईंनी हसरा चेहरा टाकला. कुणाच्या बाजूने, कळलं नाही. चौकशी करायची.

१५ फेब्रुवारी, रविवार
व्याही आणि विहीणबाई स्मिताताई चहाला. मी टेबलावर नकाशा पसरून बर्लिन समजावलं. तीन तास जायला, तीन यायला, मधले आपले. व्याह्यांनी चष्मा पुसला. ते चष्मा पुसतात तेव्हा समोरच्याने जपावं. म्हणाले, गाडी लेट झाली तर? जहाज स्वतःच्या टूरवाल्यांसाठी थांबतं हो. आपापले गेलेल्यांना सोडून जातं.
मी म्हटलं, थांबेल.
म्हणाले, कसं?
मी आठवण करून दिली. पोरांच्या लग्नात आमचा बँड परदेशीपुऱ्यात अडकला होता, वरात वेळेवर पोहोचली नव्हती. मुहूर्त टळला. पण मांडव हलला का? हेच श्रीराम दारात गुलाबपाणी घेऊन उभे होते, तोंड एवढंसं करून. सगळं थांबतं. आपण वरपक्षासारखं वागायला हवं.
व्याह्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घातला. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात मनोरमा म्हणाली, पण अहो, बर्लिनला समुद्र आहेच कुठे?
व्याह्यांसमोर! स्मिताताई चहात हसल्या. चहात हसणाऱ्या बायकांचा मला भरवसा नाही.

१ मार्च, रविवार
व्हिडिओ कॉलवर मतदान. पाच विरुद्ध एक. दुसरा मार्ग. मनोरमानेही हात वर केला. तिला मतदानाचा हक्क कोणी दिला, बघावं लागेल.
मी शांतपणे जाहीर केलं, तर मग आम्ही येत नाही. आणि कॉल सोडला. म्हणजे बटण सापडेना, म्हणून उठून स्वयंपाकघरात गेलो. फोनसमोर सोफ्यावर मनोरमाशेजारी माझी रिकामी जागा. माझ्या रिकाम्या जागेकडे बघून त्यांना काय वाटत असेल, हे ऐकायला दाराआड उभा राहिलो. रेनकोट न्यावे की छत्र्या, यावर बोलले. बराच वेळ. शेवटी रेनकोट ठरले.

२ मार्च
नीट विचार केला. घडलं ते उत्तम घडलं. आमच्या घराण्यात रुसव्याला परंपरा आहे. आजोबा एका लग्नात पानाचा विडा आधी दुसऱ्याला दिला म्हणून उठून गेले, तर मुलीकडचे चार कर्ते पुरुष माळव्याच्या उन्हात अनवाणी मागे आले. चुलते तर आमरसात साखर कमी म्हणून रुसले; त्यांना आणायला मोटार पाठवली होती. रुसणं हे आमचं काम, समजूत काढणं हे मुलीकडच्यांचं. आता चेंडू व्याह्यांकडे आहे. यायला लागेलच त्यांना.
आल्यावर मी पहिल्यांदा नाही म्हणेन. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा खिडकीबाहेर बघेन. मग बर्लिनवर बोलू.

८ मार्च, रविवार. रंगपंचमी
आज येतील असं वाटलं होतं. पण गेरच्या मिरवणुकीमुळे अर्धं शहर रंगात आणि रस्ते बंद. येणार तरी कसे! रंग उडवणाऱ्या त्या मिसाईलवर बसून येणार का? उगाच माणसाला दोष देऊ नये.

१५ मार्च, रविवार
इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. पाव किलो जलेबी आणून ठेवली, मी गाफील होतो असं दिसायला नको. अकरा वाजता बेल वाजली. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून म्हटलं, मला यावर काही बोलायचं नाही. गॅसवाला होता. त्याने सिलेंडर ठेवला आणि गेला.
जलेबी मी खाल्ली. मऊ पडली होती.

१७ मार्च
व्याह्यांचा मेसेज आला! 'मालोजीराव, आपल्या निर्णयाचा आदर आहे.'
आदर! माणसाला मारायचं असेल तर सरळ मारावं. या आदराचं मी काय करू? समजूत नाही, विनवणी नाही, एक प्रश्नसुद्धा नाही. इंदुरात कुणी पोहे नको म्हटलं तर आपण प्लेट मागे नेतो का? हातातून बशी हिसकून वाढतो. यांनी माझं 'नाही' खरोखरचं 'नाही' समजलं. अशा माणसाकडे मुलगा दिला आपण.

२४ मार्च
अंकुरचा फोन. भिया, व्हिसाकी डेट आ गई, बम्बई जाना पड़ेगा. आपका नाम रखूँ के हटाऊँ?
मी म्हटलं, हटाओ. आवाजात अशी वेदना ठेवली की दगडाने पुन्हा विचारलं असतं.
अंकुर म्हणाला, ओके भिया.
नवी पिढी.

५ एप्रिल
माझ्या जागी सूनबाईंची पुण्याची आत्या चालली आहे. मनोरमाच्या केबिनमध्ये. मनोरमाने स्वतः सांगितलं. वर म्हणाली, त्या घोरत नाहीत म्हणे. 'म्हणे' म्हणताना चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

६ एप्रिल
एक गोष्ट लक्षात आली आणि धक्का बसला. मनोरमा जाते आहे. मी तिला सांगितलं, मी 'आम्ही येत नाही' म्हटलं होतं. आम्ही, म्हणजे दोघं. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, रुसलात तुम्ही. मी नाही.
लाटणं थांबलंसुद्धा नाही.

१० मे
ऊन त्रेचाळीसवर. मनोरमा लोकरीचे मोजे घेऊन आली. पंख्याखाली बसून घालून बघितले. बूट घेतले, पाण्यात न भिजणारे. माझं जॅकेट मागितलं, तुम्हाला इथे काय लागणार म्हणाली. दिलं. देताना थोडा वेळ धरून ठेवलं, तिला काही सुचतंय का बघायला. तिने ओढून घेतलं.

३१ मे
आता सगळं स्पष्ट आहे. ते मला सरप्राइज देणार आहेत. इतका सन्नाटा योगायोगाने होत नाही. कुणीच विषय काढत नाही, याचा अर्थ सगळ्यांना सांगून ठेवलंय. तिकीट काढलेलं असणार, केबिनही असणार. व्हिसाचं काय ते यशवर्धनने बघितलं असेल, हुशार आहे, माझ्यावर गेला आहे. मी अजाणतेपणाचा चेहरा करून वावरतो आहे. जमतं आहे.

१२ जून, शुक्रवार
विमानतळावर पोहोचवायला गेलो. पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात. डिकीत माझी छोटी बॅग, चादरीखाली.
सामान काढताना मनोरमाने चादर उचलली. ही बॅग कुणाची? मी म्हटलं, लाँड्री. तिने माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, चादर परत नीट घातली.
दारापाशी व्याह्यांनी माझा हात हातात घेतला. मी तयार होतो. पहिल्यांदा नाही म्हणायचं ठरलेलंच होतं, पण आयत्या वेळी ठरवलं, एकदम हो म्हणू. लोक खोळंबायला नकोत. व्याही म्हणाले, मालोजीराव, तेवढ्या आमच्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालाल का? आणि किल्ली दिली.
घातली खिशात. पासपोर्टच्या शेजारी.

१५ जून
जहाज कुठे आहे ते दाखवणारं अ‍ॅप डाउनलोड केलं. निळ्या पाण्यात एक ठिपका. मनोरमा त्या ठिपक्यात. दिवसभर बघितलं, ठिपका हलताना दिसत नाही, पण चहा करून येईपर्यंत पुढे गेलेला असतो. कुंड्यांना आज पाणी घातलं नाही. मग घातलं. झाडांशी काय भांडण?

१८ जून, गुरुवार. संध्याकाळ
मनोरमाचा व्हिडिओ कॉल. डेकवर होती. मागे समुद्र, अंगात माझं जॅकेट, केस उडत होते. इकडचं काही विचारायच्या आधीच म्हणाली, अहो, काय गंमत झाली, श्रीरामभाऊ रुसले!
मला इतकं बरं वाटलं की मी उभा राहिलो.
रीगामध्ये त्यांना म्युझियम बघायचं होतं, बाकी तिघींना बाजार. तिघी बाजारात गेल्या. व्याही केबिनचं दार लावून बसले, जेवायला येईनात. मी विचारलं, मग? आदर केला ना त्यांच्या निर्णयाचा?
छे हो, म्हणाली. आधी स्मिताताई गेल्या, मग आत्या. उठेचनात. शेवटी मी चहा घेऊन गेले. म्हटलं, भाऊ, तुमच्याशिवाय मजा नाही हो. लगेच उठले बिचारे. आता खाली नाच बघायला गेलेत.
मी म्हटलं, तुला बरं जमलं.
म्हणाली, तीस वर्षांची प्रॅक्टिस आहे.
विचारणार नव्हतो. पण विचारलं गेलं. म्हटलं, मग मार्चमध्ये माझी का नाही काढलीस समजूत?
तिने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. म्हणाली, अहो, काढली असती तर तुम्ही आला असतात.
इथे नेटवर्क गेलं असं लिहिणार होतो. नेटवर्क उत्तम होतं.