सहा वाजताची झारी

बुधवार, सकाळचं सगळं आवरून

चि. चिमीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे सुखरूप असा, हे रोज देवाजवळ मागते, तेच इथे लिहिते. तुझा नवा पत्ता मावसभावाकडून मिळवला. तो म्हणाला, दोघींच्या हातात फोन आहेत आणि पत्ते कसले विचारता? मी त्याला आणखी एक कप चहा दिला आणि विषय बदलला.

आमचं बरं चाललंय. यांचा गुडघा होता तसाच आहे. सून घरूनच काम करते, जेवणाच्या टेबलावर तिचा संगणक असतो, म्हणून आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतो. मागच्या महिन्यात माझं पोट दुखलं होतं, आता काही नाही.

लिहायचं होतं ते बागेविषयी. तूच माझ्या फोनमध्ये घालून दिलेली ती खेळातली बाग. सुरुवातीला किती साधी होती, आठवतं? बी पेरायचं, दोन तासांनी फूल बघायचं, शेजारणीला, म्हणजे मी तुला आणि तू मला, पाण्याची झारी पाठवायची. आता उघडली की आधी जाहिरात, मग एक बंद पेटी नाचायला लागते. आत काय आहे ते विकत घेतल्यावरच कळणार. बाजारात कोणी पिशवीचं तोंड बांधून भाजी विकायला लागला असता तर आपण दोघींनी त्याला फैलावर घेतलं असतं. पेटीशेजारी उलटं चालणारं घड्याळ, म्हणे फक्त दोन तास उरले. ते संपले की पुन्हा दोन तास. आणि एक दिवस चुकला तर गुलाब सुकतात, त्यांच्याशेजारी एक बाई रुमालाने डोळे पुसत उभी असते. माझं वय काय, आणि त्या चित्रातल्या बाईची मला भीड पडायची.

सून म्हणते, हे मुद्दामच तसं करतात, तुम्ही परत यावं म्हणून तिथे माणसं पगारावर ठेवलेली असतात. मला राग यायला हवा होता. पण आपली कोणी वाट बघतं आणि त्याचा पगार घेतं, याचं आधी हसूच आलं. मग हसू कुठे गेलं ते सांगते.

तुला माझी वही माहीत आहे. दूध, धोबी, वाणी, सगळं त्यात. शेवटच्या पानावर मी तुझ्या झाऱ्या लिहिते. का, ते विचारू नकोस. आलेलं टिपून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही, एवढंच. पूर्वी तुझ्या वेळेला काही धरबंधच नव्हता. कधी सात दहा, कधी दुपारी एक, दाढ काढलीस त्या दिवशी रात्री दहा. आई गेल्यावर दोन महिने पान कोरं आहे. मग एका सकाळी झारी आली. वर लिहिलेलं, 'तुमची बहीण तुमची आठवण काढते आहे.' मी तशीच देवापुढे जाऊन बसले. बोलत नाहीस, पण तोडलंही नाहीस, असं मी धरलं. त्यानंतर रोज येत राहिली. सहा वाजता.

दोन वर्षं, चिमे. सहा, सहा, सहा. तू कधीच वेळेवर उठणारी नाहीस. एवढा हिशेब ठेवते मी, आणि एवढं माझ्या लक्षात आलं नाही.

आता पोटाचं खरं सांगते. पित्ताशय काढलं. नऊ दिवस दवाखान्यात होते, फोन बंद करून कपाटात ठेवलेला. घरी आल्यावर बघते तर ते नऊही दिवस माझ्याकडून तुला झारी गेलेली. सहा वाजता. मी सुनेला विचारलं. तिने आत कुठेतरी जाऊन दाखवलं. 'तुमच्या वतीने भेट पाठवा', आणि पुढे होकाराची खूण आधीच केलेली. ही सोय म्हणे दोन वर्षांपूर्वी घातली. कोणी विचारलं नव्हतं मला. आदल्या दिवशी जो बागेत आला नाही त्याच्या नावाने यंत्रच सकाळी झारी पाठवतं, म्हणजे समोरच्याला वाटावं की आपलं माणूस तिथेच आहे.

"मग चिमीच्या झाऱ्या?" मी विचारलं.

तिने फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "आई, मावशी बहुतेक खेळतच नाहीत आता."

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. त्या नऊ दिवसांत तू बाग उघडली असशील तर तुला वाटलं असेल, ताई ठणठणीत आहे. उघडली नसशील तर माझं यंत्र तुझ्या यंत्राला पाणी घालत होतं आणि मध्ये आपण दोघीही नव्हतो. कित्येक सकाळी माझ्या हातात माळ फिरते आणि मन कुकरच्या शिट्टीकडे असतं. तो जप देव माझ्या नावावर धरतो की माळेच्या? खोटी झारी होती तर मला दोन वर्षं तिचा आधार कसा वाटला? मला नाही सांगता येत.

पण त्या पानावर एक वेळ वेगळी आहे. आईला दोन वर्षं झाली त्या दिवशीची. दुपारी पावणेतीन. सून म्हणते, त्यांचं यंत्र सकाळी बंद पडलं असेल म्हणून उशीर झाला असेल. असेलही.

पावणेतीन लिहिताना माझा हात थांबला होता. त्याच वेळेला तुझा फोन आला होता, आईच्या शेवटच्या दिवशी, ती अजून होती तेव्हा. बागेत तीन दिवसांची स्पर्धा होती, चार मिनिटं उरली होती. पडद्यावर तुझं नाव आलं आणि मी बोटाने बाजूला सारलं. म्हटलं, एवढं संपवते आणि लावते. लावला तेव्हा तू रडत होतीस.

आणि नंतर सगळ्या नातेवाइकांसमोर मीच तुला म्हणाले, मला वेळेवर कळवलं नाहीस. तू फक्त माझ्याकडे बघितलंस. खेळात आपलं माणूस हजर असलं की नावापुढे हिरवा ठिपका लागतो. माझा ठिपका तुला दिसला होता ना? दिसूनही त्या खोलीत तू काही बोलली नाहीस. मी तेव्हाच पाय धरायला हवे होते. पुढे झारी येत राहिली, आणि मिटलं असं समजून मी निवांत बसले. हा दोष मात्र मी यंत्रावर घालू शकत नाही.

फोन करणार होते. पण तू उचलला नाहीस तर कसं वाटतं ते मला कळेल, आणि ते कळायची माझी अजून तयारी नाही.

आज सुनेला सांगून माझी ती होकाराची खूण काढून टाकली. यापुढे माझ्या नावाने जे येईल ते माझ्या हातचं. आलं नाही तर समज, मी पडून आहे. तुझ्याकडून उद्या सहाला झारी आली तर मी ती लिहिणार नाही. बाकी कुठलीही वेळ चालेल. वहीचं पान उघडं ठेवलं आहे.

तो फोन न उचललेली,
तुझी ताई