सासूबाई, माळ आणि आकाशगंगा

१६ मार्च
कॅमेरा अखेर कपाटातून बाहेर. लग्नानंतर आनंदने हौसेनं घेतलेला, महाबळेश्वरनंतर कुणी हात लावला नाही. मला आकाशगंगेचा फोटो काढायचाय. राहात्याला माहेरी चौफेर ऊस नि दिवे. इथे जामखेडला घरामागच्या माळावर गेलं की आभाळ अंगावर येतं. पण आनंद फोनवर, "पहाटे एकटी? अजिबात नाही." स्वतः पुण्यात!
सासूबाई भाकरी थापता थापता, "एकटी कशी? मी हाय की."
विषय संपला.

१८ मार्च
पहाटे दोघी माळावर. सा.बा.ची शाल, काठी, थर्मासात चहा. शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, एवढंच मला ठाऊक. सगळे तारे कणकेच्या गोळ्यांसारखे आले. सा.बा.ना दाखवलं.
"छान हाय."
काय छान, कप्पाळ!

२१ मार्च
युक्ती सापडली! अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस जमत नाही. एक ठळक तारा स्क्रीनवर मोठा करायचा नि हातानं रिंग फिरवत राहायचं, ठिपका बारीक होईपर्यंत. आज तारे टोचतील असे आले. सा.बा.ना मिठी मारली. चहा सांडला. "येडी हाय का गं तू?" म्हणाल्या, पण हसत होत्या.

५ एप्रिल, ईस्टर
पहाटेच्या उपासनेआधी माळावर. घोळ. चंद्राचं लक्षातच नव्हतं, सगळ्या चांदण्या पुसलेल्या. मग चांदण्यात सा.बा.चाच फोटो. पांढरी साडी, हातात बायबल.
"हलू नका हां."
"कुठं हलतीय मी?" हे बोलतानाच हलल्या. तोंडाच्या जागी धूर.
आनंद आला होता. पुण्याचा फ्लॅट तयार आहे, दोघींनी यायचं म्हणतो. सा.बा. मटणाचं पातेलं उचलून आत गेल्या, त्या गेल्याच. मला त्याच्याजवळ राहायचंय. पण सा.बा.ना इथे एकट्या टाकून... आणि हे आभाळ...

१६ एप्रिल
आज पहाटे दक्षिणेला आकाशगंगा अशी फुललेली की फोटोत तिच्यातले काळे पट्टेसुद्धा आले. तेवढ्यात एक उल्का. हिरवट, भलीमोठी, आभाळ चिरत गेली. मी किंचाळलेच.
सा.बा. दचकून, "काय झालं? साप का?"
तोंड तिकडेच होतं त्यांचं. डोळे उघडे.
"आई, दिसली नाही?"
त्यांनी शाल ओढून घेतली. मग म्हणाल्या, "मला चांदण्या दिसत न्हाईत गं. लई दिस झाले. शुक्र तेवढा दिसतो, तोबी केसाळ."
"मग रोज पहाटे कशाला येता?"
"तू एकटी बसली असतीस न्हवं."
तांदळात हल्ली खडे राहायचे, मी चिडायचे. मनातल्या मनात का होईना.
घरी येताना हात धरला. म्हणाल्या, "आनंदाला सांगू नको. डोळ्याच्या निमतानं पुण्याला न्हील, मग माघारी आणनार न्हाई."

१७ एप्रिल
मोतीबिंदू असेल तर ऑपरेशननं सुटेल. पण आनंदपासून लपवायचं? रात्री सा.बा.ना म्हटलं, "नगरला दाखवू. तिथेच ऑपरेशन, तिथूनच घरी. शब्द देते. पण आनंदला मी सांगणार."
"मंग शब्द कसला?"
रुसल्या. जेवल्या नाहीत. थोड्या वेळानं आपण होऊनच, "कवा जायचं?"

२० एप्रिल
मोतीबिंदूच. दोन्ही डोळे, उजवा जास्त पिकलेला. आनंदला फोन केला. आधी चिडला, "मला कुणी काही सांगतच नाही!" मग, "पुण्यात चांगले डॉक्टर आहेत." मी म्हटलं, "नगरला ठरलंय. तू ये."

२९ एप्रिल
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आनंद बाहेर बाकावर प्रार्थना करत होता, मी बघितल्यावर मोबाईल काढला. एसटीत सा.बा. काळा गॉगल लावून खिडकीशी. "हिरोईन दिसताय," म्हटलं. "व्हय तर!"

६ मे
थेंब मी टाकते. पापणी घट्ट मिटतात, थेंब गालावर. मग मलाच ओरडा. उजव्या डोळ्यानं माझ्याकडे निरखून बघत होत्या. म्हणाल्या, "वाळलीस गं." सकाळपासून तीन वेळा दूध दिलंय.

१८ मे
डॉक्टरांनी हो म्हटलं, म्हणून आज जेवणं उरकून तिघंही माळावर. आनंद पहिल्यांदाच. वारा पडलेला. आग्नेयेला आकाशगंगा वर येत होती. सा.बा.नी गॉगल काढला, मान वर केली. किती तरी वेळ हललो नाही कुणी. मग त्यांनी आनंदची बाही धरली आणि लहानपणी त्याला दाखवत असतील तसं बोटानं एकेक दाखवायला लागल्या. तो निमूट बघत होता. मी फोटो घेतला. आभाळ लख्ख, बोट मात्र पुसट.
निघायच्या आधी आनंदनं हळूच विचारलंच, "आई, मग पुण्याचं काय?"
मान खाली न आणताच म्हणाल्या, "थांब की जरा. बघू दे."