डाग पॉलिशचा नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
आईच्या उजव्या मनगटाला प्लास्टर. सहा आठवडे. धुणं माझ्याकडे आलं. "आतले कपडे मी धुईन," म्हणते. एका हाताने काय धुणार? न विचारता बादली उचलली. 

६ फेब्रुवारी
तिच्या आतल्या कपड्यावर डाग. फिकट तपकिरी, कडेला गुलाबी. सागवानी पॉलिशचा पहिला हात मारल्यावर लाकूड दिसतं, तसा. माझा कारखान्यातला शर्ट त्याच बादलीत होता. चूक माझी. उद्यापासून वेगळा भिजवायचा.

९ फेब्रुवारी
वेगळा भिजवला. तरी डाग.

१० फेब्रुवारी
पॉलिश पाण्याने निघत नाही, स्पिरिट लागतं. हा डाग गार पाण्यात दहा मिनिटांत फिका पडला. म्हणजे पॉलिश नाही — हाच विचार करत कपाटाच्या एकाच दाराला दोनदा हात मारला, दुसरं कोरडंच. मिस्त्री म्हणाले, "लग्नबिग्न ठरलंय का रे? लक्ष कुठंय?" दुसरं दार पुढे ओढलं.

११ फेब्रुवारी
ताईला सासरी फोन केला. आधी भडकलीच. "आईचे कपडे निरखत बसतोस? लाज आहे का काही?" मग — "रंग सांग."
सांगितला.
ताई म्हणाली, बायकांच्या अंगावरून थोडं पांढरं जातंच, कधी पाण्यासारखं, कधी चिकट. त्याला घाबरायचं नाही. घाण वास आला, खाज सुटली, दह्यासारखं जायला लागलं, तर दाखवायचं, औषधाने बरं होतं. पण आईची पाळी जाऊन आठ वर्षं झाली. आता लाल किंवा तपकिरी थेंबभरही जायला नको.
"आणि घरगुती उपाय काढत बसू नका. सरळ डॉक्टर."
"तूच सांग ना तिला."
"फोनवर? ठेवून देईल ती. तू सांग. बादली तुझ्याकडे आहे."

१३ फेब्रुवारी
सांगायचं वाक्य तीनदा लिहून काढलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. कागद मात्र खिशातच राहिला.

१४ फेब्रुवारी
भाजी निवडताना सांगितलं. ती एका हाताने निवडत होती, मी दोन्ही हातांनी.
"आई, तुझ्या अंगावरून जातंय. तपकिरी."
तिने मान वर केली नाही. "तुझ्या पॉलिशचा डाग आहे तो. माझ्या नावावर खपवतोस?"
"पॉलिश पाण्याने जात नाही."
"मग उष्णता असेल."
"आठ वर्षांनी?"
"आठ कुणी सांगितलं तुला?"
ताईचं नाव घ्यावं लागलं. "बरं आहे. दोघं मिळून माझी चर्चा करा." उठून आत गेली. उरलेली भाजी मीच निवडली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
डॉक्टरबाईंकडे आली एकदाची. ताईने काय दम भरला, माहीत नाही. मी बाहेर बाकावर. शेवटी आत बोलावलं. बाई म्हणाल्या, या वयात आतली त्वचा कोरडी, पातळ होते, त्यानेही असं जातं. पुष्कळदा तेवढंच निघतं. पण गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सरही असाच सुरू होतो. लवकर कळला तर बहुतेक बरा होतो. म्हणून सोनोग्राफी करायची, अस्तराचा तुकडा तपासायचा. गुरुवारी.
"जुने कागद असतील तर आणा."
"नाहीत," आई म्हणाली. पटकन म्हणाली.

१९ फेब्रुवारी
उद्या येणार नाही म्हणते. कारण सांगत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
तिचं ओळखपत्र शोधताना कपड्यांच्या घडीत एक चिठ्ठी सापडली. दुसऱ्याच दवाखान्याची. तारीख ऑगस्टची. हीच तपासणी लिहिलेली, खाली दोन रेघा.
सहा महिने तिला माहीत होतं.
चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. 
"सातवीपर्यंत शिकवलं तुला, तेवढंही जास्तच झालं," म्हणाली. आणि चपला घालायला लागली.