घरटी एक जातं

३० मार्च, गुढीपाडवा
संकल्प: राहत्या घरात अंथुर्णे स्थानिक इतिहास संग्रहालय. घर ऐतिहासिक आहेच. इंग्रजी अमलात कॅनॉल-इन्स्पेक्टर इथेच राहायचा. गावच्या ग्रुपवर आवाहन: जुन्या वस्तू द्या, नावाची पाटी लावू. उद्घाटन एक मेला. संजीवनी म्हणाली, "मला बसायला जागा ठेवा म्हणजे झालं." माझी पत्नी असूनही इतिहासाचं अंग नाही.

२ एप्रिल
पहिली देणगी! शेजारच्या अक्काबाईंचं दगडी जातं. दोघांनी उचलून आणलं. देताना बाईंचा चेहरा उजळला. संध्याकाळपर्यंत आणखी देणग्या आल्या. लोकसहभाग म्हणतात तो हाच.

७ एप्रिल
जातं. जातं. पुन्हा जातं. नाणं नाही, तलवार नाही, साधा कंदील नाही. माझा सिद्धांत: अंथुर्णे हे प्राचीन दळणकेंद्र असावे. लेख लिहिणार.

११ एप्रिल
सोफा अंगणात हलवला. संजीवनी वालचंदनगरला, चिरंजीव सुयशच्या क्वार्टरमध्ये गेली. "हॉलमधून चालता येईल त्या दिवशी फोन करा," म्हणाली. आठवड्यात परतेल.

१९ एप्रिल
परतली नाही. फोनही नाही, बहुधा रेंज. पिठलं केलं. प्यालो.
अक्काबाईंना विचारलं, गावाला एवढं इतिहासप्रेम कुठून आलं? म्हणाल्या, "कसला इतिहास, गुरुजी! गिरणी आल्यापास्नं कोपऱ्यात पडून हुतं, येता-जाता ठेच लागायची. पर लक्षुमी ती, उकिरड्यावं टाकता येतीय व्हय? तुमी मागितलं, लई बरं झालं."
विनय. दुसरं काय.

२३ एप्रिल
निम्मा संग्रह परत करायचा ठरवला. मोजकं तेच श्रेष्ठ. शिवाय संजीवनीला वाट हवी. टेम्पो केला. पहिल्याच घरी बाजीरावांनी दारातच अडवलं: "दिलेली लक्ष्मी माघारी धाडता? आन् घरात पोरीचं लगीन हाय माझ्या!" चहा पाजला, जातं घेतलं नाही. कुणीच घेतलं नाही. येताना म्हस्कूने त्याचंही टेम्पोत चढवलं. "जागा दिसली म्हून," म्हणाला.

२७ एप्रिल
मागचं दार जात्यांनी बंद झालं. चोरीची भीती गेली. तीस वर्षं वर्गात अपरिग्रह शिकवला. पण व्रत व्यक्तीचं असतं, संस्थेचं नव्हे.
शेवटी संजीवनीला मीच फोन केला. हॉलमध्ये वाट केलीय, म्हणालो. (एक पाऊल मावतं. आडवं.) "एक तारखेला येते," म्हणाली. जिंकलो!

१ मे
सकाळी रिक्षा थांबली. संजीवनी! जात्यांवरून चढत-उतरत मी खिडकी गाठली. गजांआडूनच म्हणालो, ये. "येत नाही, रिक्षा थांबवलीय," म्हणाली. मागून सुयश आणि रिक्षावाल्याने काहीतरी जड आणून पुढच्या दाराला टेकवलं. "क्वार्टरच्या शेजारणीच्या सासूबाईंचं. तुमचंच संग्रहालय ना, म्हणाल्या. नाही कसं म्हणायचं? पाटी तेवढी लावा." हॉलमध्ये एकदा डोकावली. रिक्षा गेली.
पुढचं दार बाहेर उघडतं, म्हणजे आता उघडत नाही. इंग्रजांची बांधणी! अक्काबाईंना हाक मारली. "थांबा की गुरुजी, समदी माणसं रानात गेल्यात. तिनसांजंला काढत्याल."
उद्घाटन आतूनच केलं. नारळ फोडायला दगडाची उणीव नव्हती. पाणी एकट्यानेच प्यालो.