औषधवाल्यांच्या घराची पुढची भिंत

प्रिय ओळंबा,

"पुट्टी, भिंत बोलत असते तेव्हा तू बोलू नकोस." हे तू मला म्हणालीस त्याला आता बावीस वर्षं होतील. आपण बांधकामाच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तू मला तुझ्या बाबांच्या साइटवर नेलं होतंस आणि मी नेहमीसारखी बडबडत होते. तू एका हाताने माझं तोंड बंद केलंस, दुसऱ्या हाताने माझी मूठ धरून बोटांची पेरं गिलाव्यावर आपटलीस. घट्ट बसलेला गिलावा बंद, जड आवाज देतो, सुटलेला पोकळ वाजतो. मग मला खिडकीच्या कडेला ओढत नेलंस. म्हणालीस, इथे फसायचं नाही हं, इथे आत वायरींचा पाइप पुरलाय, इथे चांगली भिंतसुद्धा पोकळच वाजणार. वर्गात ताठ बसायचीस म्हणून मी तुला ओळंबा म्हणायचे. कुठलीही फट मी गोड बोलून बुजवते म्हणून तू मला पुट्टी केलंस. वर्गातली बाकी सगळी टोपणनावं विरली, आपली दोन टिकली.

तू गेल्या महिन्यात तुझ्या टाइल्सच्या दुकानातून पाठवलेलं जोडपं येऊन गेलं. बाई हौशी आहेत, नवरा प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणतो. त्यांना घर बाहेरून आजकालच्या नव्या घरांसारखं दिसायला हवंय. मी नमुने काढून टेबलावर मांडले. लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या, खडबडीत दगडासारखे पॅनेल, सध्या सगळ्यांना हवी असते ती गडद राखाडी नालीदार शीट, काळ्या चौकटी, दाराच्या वर दिव्याची बारीक रेघ. बाई सगळ्यावरून हात फिरवत होत्या. मध्येच म्हणाल्या, "दुकानातल्या ताई तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात. म्हणाल्या, माझ्या वाईट दिवसांत हिने मला एका शब्दाने बोल लावला नाही." मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. ऑफिसातला पोऱ्या चहा घेऊन बाहेर कधी गेला तेही कळलं नाही. तू अशी माणसं पाठवत राहतेस आणि मी कामं घेत राहते, याला आता आठ वर्षं झाली.

औषधवाल्यांच्या कोपऱ्यावरच्या घराची तुला मी आठवण करून द्यायला नको. पुढची दोन मजली भिंत तुझ्या हाताची होती, तेव्हा, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, तीन वर्षांची, साईच्या रंगाची. उन्हात बघितली तरी कुठे लाट दिसायची नाही. तुझे बाबा थकल्यावर तू एकटीने घेतलेलं ते पहिलं मोठं काम, आणि त्या भिंतीवरून तुला पुढची कामं मिळत होती. मी तेव्हा नुकतं माझं ऑफिस थाटलं होतं, म्हणजे एक टेबल आणि तीन कॅटलॉग. औषधवाल्यांच्या बायकोला पट्ट्या लावायच्या होत्या. कोपऱ्यावरचं घर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणारं. ते काम मला मिळालं तर पुढे कोणाला कॅटलॉग दाखवायला लागणार नाही, बोट दाखवलं की झालं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पण औषधवाले अडून बसले. अंगणात उभं राहून मला म्हणाले, "अहो, भिंत चांगली आहे ना? मग चांगली भिंत झाकायची कशाला?"

मी भिंतीजवळ गेले आणि टकटक केलं. आधी मधोमध, मग खिडकीच्या कडेला. ओळीने चार ठिकाणी, वरून खाली, जिथून पाइप गेलेला असतो बरोबर तिथेच. मग त्यांना जवळ बोलावलं आणि विचारलं, "ऐकलंत?" एवढंच. गिलावा सुटलाय असं मी म्हणाले नाही, ते तेच म्हणाले. मी फक्त गप्प राहिले. किती वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की मी खोटं असं काही बोलले नाही. मनात घोकलेलं हे वाक्य आता कागदावर लिहिलं तर ते किती हलकट दिसतंय बघ.

त्यांच्या दुकानाच्या काउंटरवर अख्खी वस्ती येते. खोकल्याचं औषध देता देता ते सांगत राहिले, की तीन वर्षांत गिलावा पोकळ झाला, बाईमाणसाला काम दिलं ते चुकलंच. शाळेने तुला दिलेलं गिलाव्याचं काम थांबवलं. मागच्या गल्लीतल्या दोघांनी दिलेला शब्द फिरवला. मग तू आलीस. त्या दिवशी पुढच्या भिंतीवर पट्ट्या ठोकायच्या लोखंडी फ्रेमच्या नळ्या अर्ध्याच बसल्या होत्या, मी ठोकलं होतं ती खिडकीची डावी बाजू पूर्ण उघडी होती. तू फाटकातूनच म्हणालीस, "मला एकदा हात लावून बघू दे गं." आणि मी तुला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. कारागीर वर काम करतायत, डोक्यात काही पडेल, असं म्हणाले. तू वादही घातला नाहीस. रस्त्याच्या कडेला माझ्या स्कूटरला टेकून उभी राहिलीस आणि तूच सांगायला लागलीस, की गिलावा केला त्या आठवड्यात आई दवाखान्यात होती, माझं लक्ष नव्हतं, पाणी मारायला एखादा दिवस चुकला असेल, माल जास्त वेळ पडून राहिला असेल. तू स्वतःची चूक शोधत होतीस आणि तुला ती सापडतही होती. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं गं असं कधीकधी." न झालेली चूक मी तुला माफ केली. वर तू मला थँक्यू म्हणालीस.

पुढच्या वर्षी तू थापी ठेवून दिलीस आणि दुकानात बसायला लागलीस. भेटलो की तू टाइल्सच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचीस आणि मी पोट धरून हसायचे.

आता खरी बातमी. औषधवाल्यांच्या मुलाला जुन्या पट्ट्या नकोशा झाल्या, रंग उडालाय, त्याला पांढरे मोठे पॅनेल हवेत. काम माझ्याकडेच आलं. गेल्या मंगळवारी पट्ट्या उतरवल्या आणि मागून तुझी भिंत निघाली. मी पाठवलेल्या माणसांनी पाडलेली स्क्रूची भोकं सोडली तर तिच्यावर केसाएवढी चीर नाही. पॅनेल बसवणारा मिस्त्री स्क्रू काढताना घामाघूम झाला. पेरांनी ठोकून बघत सगळ्या भिंतीवरून फिरला आणि म्हणाला, "ताई, ही कोणाच्या हाताची? असं काम असताना कोणत्या शहाण्याने झाकलं?" औषधवाले खुर्ची टाकून अंगणात बसले होते. आता त्यांना चालायला त्रास होतो. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पण तेव्हा सुटलं होतं ना हो?" समोर तू नव्हतीस, काम हातातून जायची भीती नव्हती, पोट भरलेलं होतं. तरी मी म्हणाले, "एखाद्या ठिकाणी असेल तेव्हा." नऊ वर्षांपूर्वी नुसती गप्प बसले होते, या खेपेला तोंडाने बोलले.

काल सकाळी पुन्हा गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. पाइप, खिडकी, चार ठिकाणं. तुझं नाव घेऊन सांगितलं. त्यांचा मुलगा तिथेच होता, त्याच्या देखत. औषधवाल्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं त्या पोरीला मी नावं ठेवली." माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं, ते योग्यच झालं. आता त्यांना पॅनेल नको आहेत. भोकं बुजवून तीच भिंत ठेवायची म्हणतात, आणि ती ज्या हाताने केली त्याच हाताने बुजवायची, असा त्यांचा हट्ट आहे. माझ्याकडे तुझा नंबर मागितला. तुला विचारल्याशिवाय मी दिलेला नाही, कारण तुझ्या वतीने आणखी काही ठरवायचा मला अधिकार उरलेला नाही. दुकानात येऊन तोंडावर सांगायला हवं होतं, हेही कळतंय. दोनदा तुझ्या दुकानाच्या समोरच्या फुटपाथपर्यंत आले. तू कोणाला तरी नमुने दाखवत होतीस, मान वर करून हसत होतीस. मी परत फिरले.

तू जाशील की नाही ते तू ठरव. त्यांचा नंबर मागच्या पानावर लिहिला आहे, फोन करायचा तर थेट त्यांनाच कर, मला कळवायची गरज नाही. आणि यापुढे माझ्याकडे कोणाला पाठवू नकोस. मी हे लिहितेय ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी, आणि ती मागायचं धाडस व्हायला मला इतकी पानं लागली. गेलीस, तर तुला हाताखाली एक बिगारी लागेल. वाळू चाळायला, माल कालवायला, पाट्या वर पोचवायला. मला घेशील? मी तिथे एक शब्द बोलणार नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणी विचारलं, की ही खाली माल कालवणारी कोण, तर तुला वाटेल ते सांग. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मी असते तर पत्र इथवर वाचलंही नसतं. तरी विचारते.

तुझीच म्हणायचा हक्क राहिला असेल तर तुझीच,
पुट्टी