सहाही चाकं उत्तम

१ जून १९९८
आजपासून नवं आयुष्य. ब्रह्मा घाटावर छत्रीखाली बसून यात्रेकरूंना संकल्प सांगणं वासुदेवदादाला लखलाभ. मी मेहुण्याच्या, म्हणजे यज्ञेश्वरच्या, ट्रकचा मॅनेजर. ऑफिसच्या पाटीवर त्याने माझं नाव अजून रंगवलेलं नाही. लंगडा आंबा नागपूरला चांगला पोचला की रंगवू म्हणाला. पोचेलच.
सिंगापूरच्या चुलतभावाने यंत्र पाठवलंय. प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हवर एक पिवळं टोपण. हवा किती, टायर किती तापला, सगळं एका डबीवर दिसतं. बिनतारी. हवा उतरली की डबी कोकलते. इथल्या ट्रकवाल्यांची झेप पानाच्या डब्यापर्यंत, त्यांना काय कळणार.

२ जून
टोपणं स्वतः बसवली. ड्रायव्हर रामकेवलने डबीला उदबत्ती ओवाळली, लिंबू-मिरची बांधली आणि विचारलं, जीजाजी, यात गाणी लागतात का. मालकाचा जीजाजी म्हणून अख्खी गल्ली मला जीजाजीच म्हणते. मॅनेजरसाहेब एकाच्याही तोंडून निघत नाही.
निर्णय: डबी या अडाण्याकडे द्यायची नाही. घरी, माझ्या नजरेखाली राहील. माहितीपत्रक जपानीत आहे, पण चित्रं पाहिली. दिल्लीची आकाशवाणी इथे ऐकू येते, तर नागपूरची काय कथा.

३ जून
गाडी निघाली. त्याआधी यज्ञेश्वरचा ऐनवेळचा घोळ. दुसरा ट्रक इंजिन खोलून पडलाय, त्याची नवी चाकं या गाडीला चढवली आणि हिची झिजलेली सहाही रिमसकट आमच्या अंगणात आणून टाकली. ठोकाठोकीने डोकं उठलं. मी आत बसून डबीची काच पुसली. मॅनेजरने पान्याला हात लावायचा नसतो.
बायकोने, प्रभावतीने, लगेच चाकांवर जुनं लुगडं पसरून कुरडया वाळत घातल्या. या घरात यंत्रयुगाला किंमत नाही.
संध्याकाळी डबीवर सहाही चाकं उत्तम. यज्ञेश्वरला कळवलं. नुसतं 'बरं' म्हणाला. कौतुकाला मन मोठं लागतं.

४ जून
दुपारी टायर फार तापले. चारनंतर एकदम थंड. गाडी विंध्याच्या झाडीत शिरली असणार. नकाशावर टाचणी लावली. प्रभावती अंगणात पाणी मारत होती, तिलाही ही बातमी दिली. तिने विचारलं, गाडी एवढी धावतेय तर हवेचा आकडा जरासुद्धा कसा हलत नाही. म्हटलं, विज्ञान. बायकोला सगळं समजावत बसलं की कामं होत नाहीत.

५ जून, दुपार
जरा पडलो होतो. बाहेर कसलीशी फुसफुस चालली होती, तिकडे लक्ष दिलं नाही. तोच डबी कोकलली. एक चाक शून्य. मग दुसरं. मग सहाही.
धावत बाहेर. दारात टायरवाला काशीनाथ हातगाडीवर ती जुनी चाकं चढवत होता, रिसोल करायला, म्हणजे नवं रबर चढवायला, न्यायची म्हणे. लोकांना मुहूर्त कळत नाही. त्याला बाजूला सारून एसटीडी बूथ गाठला. रामकेवल कटनीच्या नेहमीच्या ढाब्यावर जेवत होता. म्हणतो, चाकं टणक आहेत, लाथ मारून बघितली. लाथ हे मोजमाप नव्हे, असं खडसावलं. किल्ली ढाबेवाल्याकडे द्यायला लावली. मी येईपर्यंत गाडी हलणार नाही.
यज्ञेश्वर मिर्झापूरला गेलाय. निर्णय माझा एकट्याचा. अभिमान वाटला.

६ जून, कटनी
चाकं दिसायला ठीक. दिसायला. डबी मात्र कोरी, एक आकडा नाही. म्हणजे बिघाड फारच खोल. रामकेवल म्हणाला, जीजाजी, चलने दीजिए, आम पक रहा है. डबी हो म्हणेपर्यंत नाही, असं ठणकावलं.

७ जून, कटनी
दोन मेकॅनिक आणले. दोघेही म्हणतात, चाकांना काही झालेलं नाही. या भागात शिक्षणाची बोंब आहे. डबी कोरी. पेट्यांतून रस गळतोय, ढाब्यामागच्या गाई ट्रकखालून हलत नाहीत. रामकेवल माझ्याशी बोलत नाही. बरंच आहे.

८ जून, कटनी
यज्ञेश्वर आला. नागपूरच्या व्यापाऱ्याने माल नाकारलाय आणि यापुढे आमची गाडीच नको म्हणून सांगितलंय. यज्ञेश्वर ओरडला नाही. ओरडला असता तर उत्तर तयार होतं.

१० जून, घरी
डबी माळ्यावर टाकायला निघालो, तर ती आपोआप जिवंत झाली. सहाही चाकं उत्तम. यज्ञेश्वर आणि रामकेवल ओसरीवर बसले होते. आता बघा म्हणून त्यांना हाक मारणार, तेवढ्यात खिडकीतून अंगण दिसलं. काशीनाथ रिसोल केलेली चाकं हातगाडीवरून उतरवत होता. सहांनाही पिवळी टोपणं.
प्रभावतीने माझ्याकडे पाहिलं आणि कुरडयांचं लुगडं घडी करायला घेतलं. लाज वाटली. खूप.
संध्याकाळी दादाला निरोप धाडला, उद्या पहाटे घाटावर येतो. रामकेवलने तो ऐकला असावा. जाताना त्याने वाकून नमस्कार केला आणि पहिल्यांदाच जीजाजी म्हणाला नाही. पंडितजी म्हणाला.